लिलावात गेलेली पाट

पातेलं अर्धं घासून झालं होतं. राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी मागच्या मोरीत बसले होते. नोव्हेंबरचं गार पाणी, आणि पातेल्याच्या कडेला मटणाची चरबी मेणासारखी थिजलेली. घासावी तर उलट बोटांनाच चिकटत होती. आदल्या दिवशी, रविवारी, शांतवन रणपिसेच्या नव्या घराचं समर्पण झालं, म्हणजे पाळकांची प्रार्थना आणि मग पंगत. उरलं म्हणून त्याच्या बायकोने पातेलंभर रस्सा आमच्याकडे धाडला होता. ह्यांनी तो रात्री पोळीशी पुन्हा खाल्ला. मी खाल्ला नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नाही. दुपारच्या पंगतीत मी खाल्लेलाच होता.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, "बाई, दूध शे. भांडं आण."

सुलाबाई त्रिभुवन होती. मी पातेलं पालथं घातलं, त्याच्यावर घमेलं झाकलं आणि पदराला हात पुसत दारात गेले. माझ्याच घरात मी चोरासारखी चालत होते. का, ते कळायचं तर आधी सुलाबाई सांगायला हवी.

सुलाबाई मूळची नामपूरकडची. इतकी वर्षं नाशकात काढली तरी तिच्या बोलण्यातला 'आहे'ऐवजीचा 'शे' गेला नाही. नवरा पुंजाराम आमच्या वस्तीजवळच्या मिशनच्या दवाखान्यात पहारेकरी होता. तो चौऱ्याहत्तर साली वारला. मूलबाळ नाही. दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी आपली दुधाची शेळी सुलाबाईला दिली. वस्तीतल्या बायका हसल्या, म्हणाल्या, मेमसाहेबाने हिला पेन्शन म्हणून शेळी दिली. पण खरोखरच ती शेळी पेन्शन ठरली. तिचं नाव रतन. रतनच्या दुधावर सुलाबाई सात वर्षं कुणापुढे हात न पसरता राहिली. आजाऱ्यांना, तान्ह्या पोरांना शेळीचं दूध लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

दारामागच्या भिंतीवर ती कोळशाने रोज एक रेघ मारायची. नऊ रेघा झाल्या की दहावा दिवस देवाचा. त्या दिवशीचं दूध विकायचं नाही. ज्याच्या घरी आजारी असेल, लेकरू असेल, त्याला द्यायचं. मी एकदा विचारलं, "अगं, विकून त्याचे पैसे उपासनेच्या थाळीत टाक की."

"थाळीत टाकलं की लोक बघतात कोणी किती टाकलं," ती म्हणाली. "दूध पिऊन संपतं. कोणाचं होतं ते पोराला ठावं नही, पोराच्या बापालाबी नही."

आता लिहायचंच तर सगळं लिहिते. त्या दहाव्या दिवसाची वाट बघणाऱ्या घरांत ऐपतीची घरंही होती. पिठाच्या गिरणीवाल्याची बायको तांब्या पाठवायची. मीही पाठवायची. माझी धाकटी अशक्त होती, एवढं निमित्त मला पुरायचं. ह्यांना नाशिकरोडला सरकारी छापखान्यात बरी नोकरी, महिन्याला पगार घरात, तरी नऊ दिवस मी म्हशीचं दूध विकत घ्यायची आणि दहाव्या दिवशी लेकीला तांब्या देऊन सुलाबाईकडे पिटाळायची. सुलाबाईने तांब्या कधी रिकामा परत केला नाही.

म्हणून कोणी समजेल की ती बिचारी, रडकी, उपाशीतापाशी. तसं मुळीच नव्हतं. सकाळी धार काढली की पहिला कपभर दुधाचा चहा ती स्वतः करून प्यायची, त्यात खारी बुडवून खायची. नाताळात हातभर काचेच्या बांगड्या भरायची. नऊवारी लुगडं नीळ घालून धुवायची. कुणी टोमणा मारला, "विधवाबाईला चैन सुचतेय," तर म्हणायची, "देवानं जीभ दिली ती का निसती प्रार्थनेला? मग खारी कशाला काढली त्यानं?" श्रद्धा आणि संसार यांच्यात तिला कधी भांडण दिसलंच नाही. आलेल्यातलं पहिलं देवाचं, मग आपलं पोट, मग शेजाऱ्याचं, आणि उरलं तर उद्याचं. हे ती कुठल्या प्रवचनात शिकली नव्हती.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर नोव्हेंबरात कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकेल, वाढेल, त्यातलं पहिलं आणायचं. भोपळे, तांदूळ, पेरूच्या टोपल्या, कोंबड्या. वेदीपुढे ठेवून प्रार्थना होते आणि मग बाहेर चिंचेखाली लिलाव. पैसा देवळाच्या कामाला. लिलाव पुकारण्याचं काम बारा वर्षं आमच्या ह्यांच्याकडे. आवाज मोठा, आणि चेष्टा करत भाव वाढवायची हातोटी. दोन रुपयांचा भोपळा पंधराला जातो, लोक हसतात, देतात. चांगला दिवस असतो तो.

त्यात एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही. एखाद्याने घरची अशी वस्तू आणली की जिच्यावाचून त्याचं चालणार नाही, तर ती त्यानेच सोडवून घ्यायची. पुकारणारा म्हणतो, "घरची वस्तू आहे हो!" मग घरवाला आपल्या ऐपतीने आकडा बोलतो, बाकीचे गप्प राहतात, आणि वस्तू त्याला परत मिळते. देवाला दिलंही, संसारही मोडला नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईची कात्री अशी सोडवलेली मी पाहिली आहे. शांतवन रणपिसेच्या आईने तर घरातला एकुलता तांब्याचा हंडा असा आणला होता, आणि सात रुपयांत परत नेला होता. तेव्हा शांतवन हाफचड्डीत तिच्या पदराला धरून उभा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तो म्हणाला की त्याला रीत माहीत नव्हती.

सुलाबाई दरवर्षी रतनचं त्या साली पहिलं झालेलं करडू आणायची आणि वीस-पंचवीस रुपयांत सोडवून न्यायची. यंदा, एक्याऐंशी साली, रतनला एकच करडू झालं. पाट होती, म्हणजे मादी, काळी, कानांवर पांढरे ठिपके. गुरांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की रतन आता म्हातारी, ह्यापुढे विणार नाही. म्हणजे वर्षभरात रतनचं दूध आटणार, आणि मग सुलाबाईचं पोट ह्या पाटीवर. वस्तीत सगळ्यांना हे माहीत होतं.

मी तिला म्हटलंही, "या वर्षी अंडी आण गं. पाट नको आणू."

"कोंबडी शेजारणीची शे. देवाला शेजारणीची अंडी देऊ?" ती म्हणाली. "आणि सोडवणार तर शेच मी. पदराला चौतीस रुपये बांधलेत."

शांतवन पाच वर्षं कुवेतला फिटर होता. त्या सप्टेंबरात आला तो चार बोटांत अंगठ्या, अंगाला उग्र अत्तर आणि काळा चष्मा घेऊन. चष्मा उपासनेतही उतरवायचा नाही. येताच त्याने गच्चीचं घर बांधायला काढलं. कमावलं ते उन्हात घाम गाळून, हे मी नाकारत नाही. त्याच्या पैशाशी माझं काही वाकडं नाही. पण दर रविवारी साक्ष द्यायला उभा राहून तो देवाने त्याला काय काय दिलं ते सांगायचा, त्यात फ्रिज असायचा, टेपरेकॉर्डर असायचा, आणि पाळकसाहेब मान डोलवायचे. ऐकताना मला तोंडात खूप गोड झाल्यावर होतं तसं व्हायचं.

लिलावात पाट पुढे आली. ह्यांनी दोरी धरली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "घरची वस्तू आहे हो!"

"पंचवीस," सुलाबाई म्हणाली.

"पंचवीस एकवार, पंचवीस दोनवार…"

"पन्नास!" शांतवनचा आवाज.

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे म्हणतील, शांतवन, बस खाली. एका वाक्याचं काम होतं. पण बारा वर्षांत पाटीवर पन्नास कुणी बोललं नव्हतं, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून डोळे मिटले की दिसतं.

"पन्नास! अरे, देवाची शेळी, पन्नास म्हणजे काहीच नाही! कोण आहे?"

"पाटील, माझं ऐका," सुलाबाई शांतवनला चेष्टेने म्हणाली, अजून हसतच, "कुवेतात शेळ्या नव्हत्या का?" लोक हसले. मग ती म्हणाली, "चौपन्न." वीस रुपये तिच्याकडे नव्हतेच. शेजारच्या भागीबाईने तिच्या हातात कोंबले.

"शंभर," शांतवन.

त्याचा मेहुणा गमतीने दीडशे बोलला. शांतवन दोनशे. मेहुणा अडीचशे. पोरं शिट्ट्या मारायला लागली. हे कमरेवर हात ठेवून नाचत होते म्हटलं तरी चालेल. शेवटी तीनशे एक्कावन्नाला शांतवनच्या नावावर तीनवार झालं, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. हात आपोआप वाजत नाहीत.

आता तो पाट सुलाबाईच्या हातात देईल आणि दुसऱ्यांदा टाळ्या घेईल, असं सगळ्यांना वाटत होतं. सुलाबाईलाही. ती हात पुढे करून उभी होती. शांतवनने दोरी मनगटाला गुंडाळली आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी घराचं समर्पण आहे. देवाच्या लिलावातलं मटण, सगळ्यांनी जेवायला यायचं!"

सुलाबाईचा हात तसाच राहिला. "भाऊ, पाट शे ती," ती हळूच म्हणाली. "पाट कोणी कापतं का? खायला बोकड घे."

"बोकड दोन आणतोयच, मावशी. तुम्ही काळजी करू नका."

म्हणजे त्याला गरजही नव्हती.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "जाऊन सांगा त्याला. तुमच्या तोंडून गेलीय ती."

"लिलाव झाला. आता मोडला तर तीनशे एक्कावन्न परत द्यावे लागतील. पत्रे बदलायचेत देवळाच्या छताचे."

"पत्रे!"

"ओरडू नकोस. पाळकसाहेबसुद्धा म्हणाले, एवढा पैसा कधी जमा झाला नव्हता."

मग मंगळवारी मीच गेले. शांतवनच्या घरात सोफ्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. बसलं की मांडीला चिकटायचं. टेपरेकॉर्डरवर भजन लावलेलं, आणि नव्या न्हाणीघरात गुलाबी फरशांवर पाट बांधलेली. लेंड्यांचा वास आणि त्यावर अत्तर मारलेलं. ते दोन्ही एकत्र नाकात गेलं आणि मी पदर नाकाला लावला. त्याची बायको कुजबुजली, "दिवसभर ओरडते हो वहिनी. मला बघवत नाही. पण ह्यांनी चारचौघांत शब्द दिलाय."

शांतवन बाहेर आला. "सलाम, वहिनी. मावशीसाठी आलात ना? मला ती जुनी रीत माहीतच नव्हती."

"तुझ्या आईचा हंडा विसरलास?"

त्याने चष्मा सारखा केला. मग म्हणाला, "ते दिवस आठवायचे कशाला? प्रभूची लेकरं भिकाऱ्यासारखी राहिली तर प्रभूचीच बदनामी. त्याने दिलं ते उघडपणे वापरलं की लोकांना साक्ष पटते. मावशीला मी नाताळात साडी घेईन ना. चांगली."

"तिला साडी नकोय. तिचं पोट बांधलंय तुझ्या न्हाणीघरात."

"वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता," असं म्हणून त्याने आत जाऊन एक परदेशी साबणाची वडी आणली आणि माझ्या हातात ठेवली. आणि मी ती घेतली. फाटकाबाहेर आले तेव्हा माझ्या मुठीत साबण होता. त्या क्षणी मला शांतवनपेक्षा जास्त शिसारी कोणाची आली असेल तर ह्या मुठीची.

रविवारी पाळकसाहेबांनी पाऊण तास प्रार्थना केली. प्रत्येक खोलीत, गच्चीवर, त्या न्हाणीघरातसुद्धा. फरशी धुतलेली होती. मग पंगत. सुलाबाई आली होती. मंडळीचं आमंत्रण ती कधी मोडत नाही. ती माझ्या समोर बसली आणि नुसता भात, वर मीठ. वाढणाऱ्याने विचारलं, "मावशी, मटण?"

"नको, दादा. तिला मी बाटलीनं दूध पाजलं. म्हातारपणी तिनं मला पाजायचं, असं आमचं ठरलं होतं."

वाढणारा हसावं की काय ते न कळून पुढे गेला. माझ्या पानात त्याने डाव रिकामा केला. शेजारी हे बसलेले, पलीकडे पाळकसाहेब, समोर ती. मी खाल्लं. मटण कोवळं होतं, चवीला चांगलं होतं. तसंच होतं, म्हणून तसंच लिहिते.

तर सोमवारी सकाळी ती दूध घेऊन माझ्या दारात उभी होती, कारण दहावा दिवस होता. तिच्या लोटीत जेमतेम कपभर दूध.

"रतन आटायला लागली," ती म्हणाली. "पिलू नेलं की आटते शेळी. ओरडते, मग आटते. तुझ्या धाकटीला दे."

"मला नको हे दूध, सुलाबाई."

"तुला कुठं देतेय? पोरीला देतेय." तिने नाक वर करून वास घेतला. "रस्सा आला वाटतं तुझ्याकडंबी?"

घमेल्याखालचं पातेलं झाकलं तरी वास कुठे लपतो.

"आला तर आला. मलाबी तिथलं काम मिळालं," ती म्हणाली. "शांतवनच्या बायकोनं सांगितलं, दोन वेळची भांडी. उद्यापासून."

"तिथे? त्या घरात? आणि पुढच्या रविवारी तो उभा राहून सांगेल, विधवेला आधार दिला म्हणून!"

"सांगू दे. भांड्याला ठावं नसतं ते कोणाच्या घरचं शे." मग तिचा आवाज पहिल्यांदा बसला. "शेळी नसली तर रेघा कशाच्या मारू, ते सांग मला. भांडी घासायचा दहावा दिवस कसा द्यायचा?"

ती तेवढं बोलून गेली. लेकरू नेलं, पोट नेलं, त्याबद्दल तिने एकदाही शाप दिला नाही. पण देवाला द्यायचं साधनच नेलं, आणि नेलं ते देवाच्या नावाने, टाळ्या वाजवून. हे आम्ही केलं. शांतवन एकटा नाही.

रात्री जेवताना मी ह्यांना सांगितलं की नाताळच्या साडीसाठी आणि पडद्यांसाठी जे पैसे बाजूला ठेवलेत त्यांत मी सुलाबाईसाठी पाट आणणार आहे. हे घास थांबवून विचारात पडले. मला वाटलं, लाज वाटली असेल.

"चांगलं आहे," हे म्हणाले. "मी पाळकसाहेबांना सांगतो, रविवारी जाहीर करू. आपल्या घराकडून विधवेला शेळी. लोकांवर परिणाम होईल."

मी ताटावरून उठले. एवढंच म्हटलं, "तुम्ही एक शब्द जरी पुकारलात, तर पुढच्या वर्षी चिंचेखाली मी उभी राहून सांगेन, पन्नास ऐकल्यावर तुम्ही कसे हसलात ते." हे गप्प झाले. अजून गप्पच आहेत. मला त्यांच्या ताटात वाढताना हात मागे ओढावासा वाटतो, आणि तरी वाढते. लग्नाला अठरा वर्षं झाली.

सुलाबाईकडे मी भीतभीतच गेले. ती रतनच्या अंगावर हात फिरवत होती.

"पाट आणायची म्हणतेय. तुझ्यासाठी."

"का?"

"दहाव्या दिवसाचं दूध माझी पोरगी सात वर्षं प्यायली. माझ्या घरी म्हशीचं असताना."

"ते मला माहीत होतं की," ती म्हणाली. "पोरगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आमच्याकडं म्हशीचं शे, पण आई म्हणते हे घेऊन ये." आणि ती हसली. मला जमिनीने गिळावं असं वाटलं. सात वर्षं ही बाई हे जाणून तांब्या भरत होती.

"घेशील ना?"

"घेईन. पण निवडणार मी. तुला शेळीचं काय कळतं, तू दात बघायचे सोडून डोळे बघशील. आणि नवी पाट दुधाला यायला वरीस-दीड वरीस. तोवर शांतवनकडची भांडी मी सोडणार नही, हे आधीच सांगते. त्यावरून तोंड वाकडं करायचं नही."

"करणार नाही," मी म्हटलं. केलंच होतं.

आज ह्यांचा डबा भरून झाला आहे. सुलाबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली आहे, दोरी तिने घरूनच आणली आहे. सीबीएसवरून साडेआठची एसटी आहे. घोटीच्या बाजारात जाऊन आम्हाला एक पाट विकत घ्यायची आहे.